संगणकाची पाठ

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेली एक सूचना दृष्टीस पडते : ‘यंत्रांच्या मागील तारांना कोणीही हात लावू नये.’ सूचना जुनी आहे, अक्षर सुरेख आहे, आणि ती लिहिणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता याविषयी मला तिळमात्र शंका नाही. कक्षातील सर्व संगणक भिंतीकडे पाठ करून मांडलेले आहेत. विद्यार्थी येतात, पडद्याकडे पाहतात, कळा दाबतात आणि घंटा झाली की निघून जातात. चार-चार वर्षे हा विषय शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला, ‘या यंत्राच्या मागच्या बाजूस काय असते रे?’ असे विचारावे, तर तो गोंधळून आपल्याच तोंडाकडे पाहू लागतो. मुख्याध्यापकांची व सहकाऱ्यांची क्षमा मागून मला या वार्षिक अंकात त्या सूचनेविरुद्ध चार शब्द लिहावयाचे आहेत. ती सूचना उतरवावी आणि संगणकाची पाठ विद्यार्थ्यांकडे वळवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत केवळ खुर्चीत बसून झालेले नाही. त्याच्या मागे एक नुकसान आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढचे काहीच पटणार नाही.

शाळेच्या ग्रंथालयातील कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. १९८५ च्या सुमारास शाळेतील एका शिक्षकांनी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील वाड्यांचे जिने झिजविले व वडोदऱ्यातील वृद्ध मराठी स्त्रीपुरुषांना बोलते केले. जात्यावरच्या ओव्या, लग्नातील उखाणे, संस्थानी अमदानीतील आठवणी, १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्या दिवशी घरोघरी काय बोलले गेले, असा सगळा ऐवज ३४ कॅसेटांत साठला. यापेक्षाही मोठी गोष्ट ही की, पिढ्यान्‌पिढ्या गुजराती शेजारात राहून ज्या मराठीला एक वेगळेच वळण लागले, ती मराठी बोलणाऱ्यांचा प्रत्यक्ष सूर त्या फितींत होता. पुस्तकात शब्द उतरतात, सूर उतरत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी या फितींपैकी ११ फिती ‘सीडी करून देण्यासाठी’ बाहेर एका ठिकाणी दिल्या गेल्या. सीडी आल्या. कोणी तरी एक सीडी अर्धा मिनिट लावून पाहिली. आवाज येत होता. काम झाले असे सर्वांना वाटले, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत त्या ११ फिती, आता त्यांचा उपयोग काय, म्हणून रद्दीत गेल्या.

त्या अकरांपैकी एकीत ज्या आजींच्या ओव्या होत्या, त्यांची पणती आज आमच्या शाळेत नववीत शिकते. तिला हे समजले तेव्हा तिने मला गाठले आणि आम्ही दोघींनी ती सीडी प्रथमच शेवटपर्यंत ऐकली. प्रत्येक चढा स्वर फाटलेला होता. स्वर खाली आला की शब्द समजत, वर गेला की नुसता खरखराट. मुलगी बराच वेळ कान देऊन ऐकत होती. मग तिने हळूच विचारले, “बाई, पणजी रागावून बोलतेय का?”

पणजी रागावलेली नव्हती. टेपरेकॉर्डरची पिन चुकीच्या छिद्रात गेली होती, एवढेच. त्या खरखराटाचे दुसरे कारण मला तरी सापडत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, मेजावरच्या संगणकाच्या पाठीवर बहुधा तीन लहान गोल छिद्रे एकाखाली एक असतात : एक फिकट निळे, एक पोपटी आणि एक गुलाबी. तिन्हींचा आकार अगदी सारखा. साडेतीन मिलिमीटरची कोणतीही पिन तिन्हींत सारख्याच सहजतेने बसते, आणि सगळा घोटाळा या सहजतेत आहे. पोपटी छिद्रातून ध्वनी बाहेर पडतो. तेथे स्पीकर किंवा हेडफोन लावावयाचा. निळ्या व गुलाबी अशा दोन्ही छिद्रांतून ध्वनी आत जातो. मग दोन कशासाठी? माईकसमोर आपण बोलतो तेव्हा त्यात निर्माण होणारा विजेचा दाब इतका क्षीण असतो की, तो व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. उलट टेपरेकॉर्डरमधून निघणारा दाब त्याच्या शंभर पटींहूनही अधिक, म्हणजे व्होल्टच्या एक-तृतीयांशापासून एका व्होल्टपर्यंत असू शकतो. गुलाबी छिद्र माईकसाठी आहे; त्याच्यामागील मंडल आलेला क्षीण दाब अनेक पटींनी वाढवून मगच संगणकाच्या स्वाधीन करते. निळे छिद्र टेपरेकॉर्डरसारख्या साधनांसाठी आहे. तेथे वाढविण्याचे कारणच नसते.

आता कुजबुज ऐकण्यासाठी कानामागे हात धरून बसलेल्या माणसाच्या कानाशी कोणी एकदम ताशा बडवावा, तसे गुलाबी छिद्रात टेपरेकॉर्डर जोडल्यावर होते. संगणकाजवळ ध्वनीची उंची मोजण्याची एक ठरलेली पट्टी असते. लाट त्या पट्टीच्या वर गेली, की तिचा माथा तो सपाट छाटून टाकतो. छाटलेल्या माथ्याचा आवाज म्हणजेच तो खरखराट. आणि एकदा छाटलेला माथा पुन्हा कोठून आणणार? मूळ फीत हाताशी असती तर पिन बदलून काम पुन्हा करता आले असते. ती नव्हती. शिवाय गुलाबी मार्ग पुष्कळदा एकपदरीच असतो, म्हणजे डाव्याउजव्या कानांसाठी वेगवेगळा मुद्रित केलेला ध्वनीही तेथे गमावला जातो.

ज्याने ते काम केले त्याला मी फार दोष देत नाही. त्यालाही कोणी तरी शाळेत असताना ‘मागे हात लावू नकोस’ असेच बजावले असेल!

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे, कारण आजच्या मुलांना ही जोडणी क्षुल्लक वाटते ती का, हे त्यावरून उमगते. एके काळी संगणकाच्या पाठीवर नाना आकारांची तोंडे होती : प्रिंटरचे रुंद, मोडेमचे निराळे, पडद्याचे निराळे. १९८७ साली आयबीएमने कीबोर्ड व माऊस यांच्यासाठी दोन लहान गोल तोंडे आणली, ती तर इतकी जुळी की एकाची पिन दुसऱ्यात सहज जाई आणि मग दोन्हीही चालत नसत. पुढे इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ या नियमावलीने प्रत्येक तोंडाला रंग ठरवून दिला. कीबोर्डला जांभळा, माऊसला हिरवा, आणि ध्वनीच्या छिद्रांना वर सांगितलेले तीन. तरीही नवे उपकरण जोडावयाचे म्हणजे संगणक बंद करा, जोडा, पुन्हा सुरू करा आणि देवाचे नाव घ्या, असाच प्रकार होता.

या जाचातून जगाला सोडविणाऱ्या मंडळींत आमच्याच गावचे नाव निघते, हे वडोदऱ्याच्या किती मुलांना ठाऊक आहे? इंटेलमधील ज्या अभियंत्यांनी यूएसबीची रचना केली त्यांत अग्रणी असलेले अजय भट्ट हे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. घरच्या माणसांना साधा प्रिंटर चालविताना होणारा त्रास पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि २०१३ साली या कार्याबद्दल त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. मूळच्या यूएसबी तारेत अवघे चार पदर असतात : दोन विजेचे, ५ व्होल्टचे, आणि दोन निरोपाचे. पिन आत गेली की ‘तू कोण?’ असे संगणक विचारतो आणि ‘मी माऊस’, ‘मी प्रिंटर’, असे उपकरण स्वतःच उत्तर देते. यंत्र बंद करावे लागत नाही. पिन पहिल्या खेपेस उलटीच लागते, या आपल्या सर्वांच्या तक्रारीचेही उत्तर भट्टांनी देऊन ठेवले आहे : दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करावयाची तर तारा आणि मंडले दुप्पट लागली असती, व खर्चही. ती उणीव २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सीने भरून काढली.

या शोधाची थोरवी मी मनापासून मानते. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की, उपकरणे आपली ओळख आपणच देऊ लागली आणि ती ओळख आपण करून घेण्याची सवय मात्र सुटली. कीबोर्ड चुकीच्या यूएसबीत घातला म्हणून काही बिघडत नाही. म्हणून सर्वच तोंडे तशी असतील अशी मुलांची समजूत होते. गोल छिद्राची रीत वेगळी आहे. साडेतीन मिलिमीटरची ती पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन-केंद्रांतील जाड पिनेच्या वंशातली. तिच्यातून निरोप येत नाही, थेट ध्वनीची लाटच येते. काही संगणक पिन घालताच ‘कोणते उपकरण जोडले?’ असे पडद्यावर विचारतात हे खरे. पण उत्तर द्यावयाचे आपण. चुकीचे उत्तर दिले तरी संगणक तक्रार करीत नाही. आवाज येतो, आणि आवाज येतो एवढ्यावर आपण समाधान मानतो. त्या ११ फितींचे तसेच झाले.

माझ्या म्हणण्यावर शिक्षकांच्या खोलीत जे आक्षेप घेतले गेले ते क्षुल्लक नाहीत. पहिला, मुले मोडतोड करतील. करतील, पिना वाकतील, एखादी तार तुटेल. परंतु नववीच्या मुलाच्या हाती आपण प्रयोगशाळेत आम्लाची परीक्षानळी देतो, पेटता दिवा देतो, आणि एका व्होल्टहूनही कमी दाबाची पिन मात्र देत नाही, यातली संगती मला समजत नाही. दुसरा आक्षेप विजेच्या धक्क्याचा. येथे मी आक्षेपकांशी पूर्ण सहमत आहे. भिंतीवरचा फलक, २३० व्होल्टची तार, आणि संगणकाच्या पेटीचे आतले अंग यांना विद्यार्थ्याचा हात लागता कामा नये. तेवढा भाग शिक्षकाचाच. सूचना लिहावयाची तर ती एवढीच आणि इतक्या स्पष्ट शब्दांत लिहावी. सर्वच तारांना सरसकट ‘हात लावू नये’ म्हटल्याने धोक्याची तार कोणती आणि निर्धोक कोणती हे मुलांना कधी कळतच नाही, आणि घरी गेल्यावर ती दोन्हींना सारखाच हात लावतात.

तिसरा आक्षेप आमच्या एका तरुण सहकाऱ्यांचा : आता सर्व काही बिनतारी होत आहे, २०१६ साली आलेल्या आयफोन ७ पासून तर ते गोल छिद्रही फोनमधून नाहीसे होऊ लागले, मग मेलेली विद्या कशाला शिकवावयाची? याला माझे उत्तर असे की, नवी यंत्रे नव्या रीतीने बोलतील, पण जुन्या फितींना ब्लूटूथ कोठून येणार? ज्या घरात आजोबांची कॅसेट आहे, आईच्या अरंगेत्रमची किंवा मामांच्या मुंजीची ध्वनिफीत आहे, तेथे एका बाजूस जुने छिद्र आणि दुसऱ्या बाजूस नवे यंत्र यांची गाठ कोणी तरी घालून द्यावीच लागेल. शिवाय ब्लूटूथवरून जाताना ध्वनी सामान्यतः दाबून बारीक केला जातो. गाणे ऐकावयास त्याने अडत नाही. जतन करावयाच्या आवाजाला मात्र ही काटछाट नको.

आणि असे पाहा, हाताला काम शिकविण्याची या नगरीला लाज कधीच नव्हती. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने व श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे कलाभवन स्थापन झाले, ते रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकविण्यासाठी. त्याच कलाभवनातून पुढे विद्यापीठाची तंत्रशाखा उभी राहिली. त्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांनी पिन लावण्यासाठी बाहेरचा माणूस बोलवावा?

असो. वाद पुरे झाला, आता झालेली गोष्ट सांगते. गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी मुख्याध्यापकांनी मला एका संगणकापुरती व तीन विद्यार्थ्यांपुरती परवानगी दिली. ती नववीतली मुलगी आणि दहावीचे दोन मुलगे. मी भिंतीवरचे बटण स्वतः बंद केले, आम्ही मेज ओढले, आणि त्या संगणकाची पाठ प्रथमच उजेडात आली. धुळीचा जाड थर होता. तो पुसण्यातच पहिला तास गेला.

पहिला प्रयत्न साफ फसला. मुलांनी पेटीच्या पुढील बाजूच्या छिद्रात तार लावली होती. चाळीस मिनिटे ध्वनिमुद्रण करून ऐकले, तो त्यात पंख्याची घरघर, खुर्च्यांची ओढाताण आणि एका मुलाने दुसऱ्याच्या कानात सांगितलेला, मी ऐकू नये असा एक विनोद! संगणक कॅमेऱ्यातील माईकमधून आम्हालाच ऐकत होता. पुढचे छिद्र मुळात मृत होते. त्याबद्दल पूर्वी एका दुरुस्तीवाल्याने ‘साउंड कार्ड गेले’ असा निकाल देऊन नव्याची किंमतही सांगितली होती. मी पेटी उघडून पाहिली, तर पुढच्या छिद्रापासून मदरबोर्डपर्यंत जाणारी बारीक तार जोडलेलीच नव्हती. मुलांनी मागच्या निळ्या छिद्रात पिन घातली, पडद्यावर ध्वनीच्या मांडणीत जाऊन ‘लाइन-इन’ निवडले, आणि ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीच्या पडद्यावर हिरवी पट्टी नाचू लागली.

तरीही एक अखंड ‘घूंऽऽ’ असा आवाज येत होता. तो विजेच्या प्रवाहाचा, सेकंदाला ५० कंपनांचा गुंजारव. टेपरेकॉर्डरची विजेची तार काढून त्यात मोठे सेल घातले, आणि गुंजारव तत्क्षणी थांबला. हा उपाय मला ठाऊक नव्हता. एका मुलाने घरी नवरात्रातील स्पीकर लावताना शिकलेला होता. नंतर त्यांनी आपापसांत नेमच ठरवून टाकला. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरचा बारीक पडदा आधी मोडावयाचा, म्हणजे चुकून मुद्रणाचे बटण दाबले गेले तरी फीत पुसली जाणार नाही. हे काम त्या मुलीने आपणहून स्वतःकडे घेतले. मग सर्वांत मोठ्याने बोललेला भाग हुडकून, पट्टी लाल होणार नाही असा आवाज ठरवावयाचा. मगच फीत आरंभापासून लावावयाची.

संगणक त्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहून ठेवतो. एका तासाच्या फितीची दोन्ही पदरांची नोंद सुमारे ६३५ मेगाबाइट भरते; म्हणजे लहानशा पेन ड्राइव्हमध्येही अनेक फिती मावतात. जागेच्या लोभाने ती नोंद दाबून लहान करू नये, असे मी त्यांना सांगितले, आणि प्रत्येकीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. मूळ फिती अर्थातच पेटीत परत.

पहिली नीट उतरलेली फीत एका वृद्ध गृहस्थांची होती. विलीनीकरणाच्या दिवसाची गोष्ट सांगता सांगता ते थांबतात, मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, कोणी तरी बाई हसतात, आणि ते म्हणतात, “हं, कुठे होतो मी?” मुले एकदम हसली. नववीतली ती मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारले, “बाई, पणजीच्या फितीतही असे काही असेल ना, मागचे?” असेलच. आमच्याजवळ असलेल्या सीडीवर ते खरखराटात बुडून गेले आहे.

शिल्लक २३ फितींपैकी आजवर ४ उतरल्या. १९ राहिल्या आहेत, आणि एक तासाची फीत उतरावयास एक तासच लागतो. तिला घाई करता येत नाही. फितींवरचा लेप दरवर्षी थोडा थोडा झडतो आहे, दोन फिती आताच चिकटू लागल्या आहेत. माझा अर्ज मुख्याध्यापकांच्या मेजावर आहे : दर शनिवारी दोन तास, चार संगणक, बारा विद्यार्थी. परवानगी मिळेपर्यंत तिघांचेच काम चालू राहील. ज्या पालकांच्या घरी चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर पडून असेल, त्यांनी तो शाळेत पोहोचता करावा. आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला आहे. आणि मोठे सेल, एका वेळी चार लागतात.